गेटवरचा फोन

स्क्रीनवर चार रिकामे चौकोन उघडले आणि विजयश्रीचा हात माउसवरच थिजला.

'आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका,' असं चौकोनांवर लिहिलेलं होतं. ते तिनंच लिहिलं होतं.

मोबाइल पप्पांचा. आणि पप्पा चाकणला, कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेसच्या लाइनीवर.

"टाका की," प्रोजेक्टच्या परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक म्हणाले.

"सर, मेसेज पाठवणाऱ्या सेवेचं आमचं खातं फुकटचं आहे, त्यातून एकाच नंबरवर मेसेज जातो. तो वडिलांचा आहे. आज त्यांची दुपारची पाळी होती, पण ठेकेदारानं सकाळीच बोलावून घेतलं."

"मग लावा त्यांना फोन."

"कंपनीत मोबाइल नेऊ देत नाहीत सर. गेटवर जमा करावा लागतो."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे कंत्राटी कामगारांनी हजेरी लावायचं अ‍ॅप, आणि कामगाराचा फोन गेटवर. वा!"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

प्रोजेक्टमधला तिचा जोडीदार गणराज शेजारून कुजबुजला, "विजू, ती ओटीपी तपासायची ओळच कोडमधून उडवून टाकू. कोणाला कळतंय?"

परीक्षकांचे कान तिखट होते. "कोडला हात लावायचा नाही. काल जमा केलंत तेच चाललं पाहिजे. अजून दोन ग्रुप राहिलेत माझे. ते होईपर्यंत आत शिरून दाखवा, नाहीतर नापास. पुढच्या वर्षी या."

पुढचं वर्ष! जुलैत लागायची नोकरी कुठली पुढच्या वर्षापर्यंत वाट बघत बसायला.

पिंपळे गुरवला घरी, दोन खोल्यांत, हेच किती सोपं होतं. ती आत बटण दाबायची आणि बाहेरच्या खोलीतून पप्पा ओरडायचे, "आला गं, आला!" मग तान्ह्या लेकराची बोटं मोजावीत तसा एकेक आकडा सांगायचे. पासवर्ड आमच्यासारख्याच्या ध्यानात राहत नाही, नंबरच येऊ दे, हेही त्यांचंच म्हणणं.

ती लॅबबाहेर व्हरांड्यात आली. पप्पांच्या नंबरवर रिंग जात होती. गेटवरच्या कुठल्याशा फळीवर, ओळीनं निजलेल्या फोनांमध्ये, एकटा त्यांचाच थरथरत असेल. तिनं पुन्हा लावला. पुन्हा लावला. शेवटी कोणीतरी वैतागून उचलला.

"कोन हाय? ड्युटीवर हाय मानूस. मी सिक्युरिटीवाला बोलतोय."

"काका, मी ज्योतीराम सुरवसेंची मुलगी. आता या फोनवर एक मेसेज येईल. त्यातले चार आकडे तेवढे वाचून दाखवता का?"

"ओटीपी?" आवाज एकदम सावध झाला. "न्हाई बाई. कुनाला सांगू नका म्हनून त्या मेसेजातच लिवल्यालं आसतंय. मागं एकाचं खातं साफ केलं आसंच, पोरीच्या आवाजात बोलून."

"मी खरंच त्यांची मुलगी आहे हो."

"आसशील. आता फोनमधनं आधार कार्ड बघू व्हय तुजं?"

"मग पप्पांना बोलवा. एकच मिनिट, पाया पडते."

"चालू लाइनीवरनं मानूस काढता येत न्हाई, पोरी. घरात कोन गेलं-बिलं आसंल तरच सुपरवायझर सोडतोय." मग त्यानंच विचारलं. "गेलंय का कोन?"

आतून परीक्षकांचा आवाज आला, "चला, शेवटचा ग्रुप."

तिनं खिडकीचा गज घट्ट धरला. गार होता. गणराज तिला बोलवायला दारात आला होता. सकाळी तिच्या घरी तिच्या आईच्या हातचे पोहे त्यानं दोनदा मागून खाल्ले होते.

"आई गेली," विजयश्री म्हणाली.

पलीकडे नुसते ट्रकचे हॉर्न. मग तो माणूस अगदी हळू बोलला, घरातल्या माणसासारखा. "आरं देवा... थांब पोरी. फोन ठिवू नगं. मी सवता जातो."

गणराज तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. "मी खूण केली की 'पुन्हा पाठवा' दाब," एवढंच म्हणाली.

फोन कानाला लावून ती कॉम्प्युटरपाशी येऊन उभी राहिली. परीक्षक शेवटच्या ग्रुपला सह्या करायला सांगत होते. कानात हॉर्न, कोणाची तरी हाक, मग सिमेंटवर धावत येणारे जड बूट. ते बूट तिला ओळखू आले. रोज घराच्या उंबऱ्याशी निघत तेच.

"विजू..." पप्पांचा श्वास पुरत नव्हता. "कवा?"

तिनं मान हलवली. गणराजनं बटण दाबलं. पप्पांच्या फोनमध्ये बारीकशी टिंग वाजली.

"पप्पा, मेसेज आलाय. आकडे वाचा."

"आं?"

"आकडे. आधी आकडे वाचा पप्पा. लवकर."

आज 'आला गं' नव्हतं. मग, लेकीनं मागितले म्हणून, रोजच्या सवयीनं, एकेक आकडा येऊ लागला. "सात... दोन... दोन..." शेवटचा त्यांनी दोनदा बघून घेतला. "नऊ."

ती मोठ्यानं म्हणत गेली, गणराज टाकत गेला. चौकोन मिटले. हिरवी पट्टी उजळली.

'नमस्कार, ज्योतीराम. आजची हजेरी: हजर.'

"झालं की," परीक्षक खुर्ची ओढून बसले. "हं, दाखवा पुढं."

"वाचलं बग," पप्पा कानात म्हणत होते. "आता सांग बाळा... कुठं ठिवलंय तिला?"