पळसाच्या पानांचा सोनबा

पळसाच्या पानांचा पुतळा तयार झाला. डोक्याच्या जागी नारळ, अंगावर कोरं धोतर. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग असा पुतळा करून जाळायचा, अशी रीत. सोनबा लढाईत बेपत्ता झाला त्याला छप्पन साली बारा वर्षं पुरी झाली, आणि महाळुंग्यातल्या त्याच्या अंगणात माणसं जमली.

भटजींनी विचारलं, "शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी," दत्तोबा म्हणाला. पिंपरीच्या कारखान्यातली रात्रपाळी करून तो तसाच सायकलीवर आला होता. आरमाराच्या राखीव दलात त्यानं आणि सोनबानं मिळून हौसेनं नाव घातलं होतं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर दोघं गस्तीच्या एकाच बोटीवर होते. बोट कसली, दहा माणसांचं डबडं.

"मेलेला पाहिलास न्हवं?" सोनबाच्या धाकट्या भावानं, भिमाजीनं विचारलं. त्याला एकदाचं उरकायचं होतं. सगळं घरच वाट पाहून दमलं होतं. सोनबाच्या बायकोला, छबूबाईला, रोज कुंकू लावताना कंटाळा यायचा आणि पुसायचा धीर व्हायचा नाही.

हो म्हणायचं, असं दत्तोबा वाटभर घोकत आला होता. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"न्हाई. जित्ता व्हता. गोळीबारात पाण्यात पडला, पवत व्हता. माझं नाव घिऊन वरडत व्हता. थांबायचं न्हाई, असा हुकूम व्हता. सुकाणू माझ्याच हातात व्हतं."

भिमाजीनं शिवी हासडली. "आन् बारा वर्सं तोंड शिवलं व्हतं व्हय तुझं?"

भटजी पळी हातात धरून बसून राहिले. जिवंत पाहिलेल्याचा विधी पुढे न्यावा की नाही, त्यांना कळेना.

"किनारा दिसत व्हता का?" छबूबाईनं विचारलं.

"न्हाई, वैनी. चारी बाजूंनी पाणी."

कुणी सांगायच्या आत छबूबाईनं पदरानं कपाळ पुसलं आणि भटजींना म्हणाली, "चालू द्या."

विधी झाला. भिमाजी पुतळा उचलायला वाकला, तसा तिनं त्याला हातानं थांबवलं आणि ती दत्तोबाकडे वळली.

"दत्तोबा भावजी, तवा त्यास्नी बोटीत घेतलं न्हाई. आता खांद्यावर घ्या."