आखातात टिकेल अशी होडी

सुनिल्दाने शालीला अडकवलेली गोधडीची सुई काढली आणि होडीच्या कण्याजवळच्या फळीत टोचली. सुई शिरली नाही. हातभर पुढे सरकून तिने पुन्हा टोचली.

"वहिनी, होडी आहे ती. उकडलेला बटाटा नाही," अर्सेनिओ मिस्त्री म्हणाला.

किनाऱ्यावर टेकलेली माणसं हसली. सगळ्यांत मोठ्याने हसला तो तिचा नवरा रेमिखिओ.

"टोचू दे तिला. आत्तापर्यंत दोन होड्या नापास केल्यात तिने. लग्नाच्या वेळी मला एवढं पारखलं असतं, तर मी अजून बिनलग्नाचाच असतो."

"लाकूड कधी तोडलंत, मिस्त्री?" सुनिल्दाने विचारलं. तिचा आवाज इतका हळू, की मिस्त्रीला वाकावं लागलं.

"उतरत्या चंद्राला. चढत्या चंद्राचं लाकूड मी चुलीतसुद्धा घालत नाही."

"उत्तरेचा वारा सुटला तर आखातात टिकेल?"

"टिकेल."

"आणि खडकाजवळ? तिथे लाट उलटी फिरते."

कोणी हसलं नाही. मिस्त्रीने उगाच रंधा उचलला, फुंकला, खाली ठेवला. "तिथेही टिकेल, वहिनी," तो म्हणाला.

चिलोए बेटाच्या त्या टोकाला खडक एकच. ओहोटीला त्यावर भरपूर शिंपले मिळतात. भरती आणि उत्तरेचा वारा एकत्र आले, की तो पाण्याखाली जातो. दोन वर्षांपूर्वी रेमिखिओने त्यांच्या मुलाला, अल्बानला, सकाळी तिथे उतरवलं आणि तो जाळी उचलायला पुढे गेला. वारा फिरला. जुन्या होडीची फळी सुटली. टोपीने पाणी उपसत रेमिखिओ कसाबसा घरी आला. वारा पडल्यावर इतर होड्या खडकाकडे गेल्या, तेव्हा खडक धुऊन निघालेला होता.

रेमिखिओला कोणी बोल लावला नाही. त्या फुटक्या होडीत संत पेद्रो असता, तरी तोही घराकडेच वळला असता, असं सगळे म्हणाले. रेमिखिओ मात्र प्यायला बसला की रडायचा. "चांगली होडी असती तर मी पोराला तिथे सोडलं असतं का?" मग कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवायचं.

सुनिल्दा काही बोलली नव्हती. ती दर शुक्रवारी उपास करायची, उजाडायच्या आत चॅपलात जाऊन नाझरेथच्या प्रभूपुढे मेणबत्ती लावायची. आणि मागावर बसायची. दोन हिवाळे ती घोंगड्या विणत होती. मेंढ्याही विकल्या. होडीसाठी, एवढंच तिने सांगितलं. गावातल्या बायका म्हणाल्या, बिचारी, एक गेला, दुसरा तरी जाऊ नये.

"तुम्ही एकटे नेऊन आणा," ती आता रेमिखिओला म्हणाली.

"आत्ता? वारा बघ की."

"म्हणूनच."

सगळे बघत होते. रेमिखिओने बाह्या वर केल्या. होडी लाटेवर चढली, उतरली, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली. खडकाला वळसा घालून तो परतला तेव्हा मिशांतून पाणी गळत होतं आणि चेहरा पोरासारखा फुलला होता.

"घोडी आहे नुसती. लगाम सोडला तरी घरी येईल."

"एकट्याला झेपली?"

"झोपेत नेईन."

"नीट सांगा."

"झेपली, बाई. एका हाताने झेपली. हे सगळे साक्षीला आहेत."

सुनिल्दा होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी गेली आणि ओल्या लाकडाला तिने कपाळ टेकवलं.

"हीच घेऊ," ती म्हणाली.

"हिच्यात बसून बुडायचं असेल, तर माणसाला स्वतःच्या हाताने भोक पाडावं लागेल," मिस्त्री म्हणाला, आणि आता पुन्हा सगळ्यांना हसता आलं.

रविवारी पाद्रीबाबांनी होडीवर पवित्र पाणी शिंपडलं. सफरचंदाची दारू झाली, बटाट्याच्या गरम भाकऱ्या झाल्या. रेमिखिओने होडीवर निळ्या रंगात मुलाचं नाव लिहिलं, आणि ते लिहिताना तो रडला. सुनिल्दाने रंगाचा डबा धरला होता.

गुरुवारी संध्याकाळी ती दारात उभी राहून बराच वेळ उत्तरेकडे बघत होती.

"काय आहे तिकडे?" रेमिखिओने विचारलं.

"उद्या दुपारपर्यंत वारा सुटेल."

"म्हणजे उद्या सुट्टी," तो म्हणाला, आणि चुलीत आणखी एक ओंडका सरकवून झोपायला गेला.

वारा दुपारच्या आधीच सुटला. छपरावरच्या लाकडी कौलांचा खडखडाट सुरू झाला. रेमिखिओ पाय शेकत, नळीने मातेचा कडू चहा ओढत बसला होता. दार ढकलून शेजारचा रोसामेल आत आला, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. तो आणि त्याचा भाऊ पहाटे जाळी उचलायला गेले होते.

"बस. माते घे. कुठून आलात असे?"

"पार समोरच्या छोट्या बेटामागून. उगवतीच्या खाडीतून कसेबसे शिरलो. आधी वाटलं, नाहीच पोचत." रोसामेल बसला नाही. "तुमची होडी खुंट्याला दिसली. कधी परतलात?"

"परतायला आधी जावं लागतं. आज साक्षात पोप आला तरी मी दोरी सोडणार नाही."

"पण ती होडी तर..."

"होडी चांगली आहे रे. म्हणून काय मरायला जायचं? समुद्र तो समुद्र." रेमिखिओने किटली पुढे केली. "धर. सुनिल्दा येईल एवढ्यात, चॅपलात असेल. शुक्रवार ना आज."

रोसामेलच्या टोपीतून चुलीवर पाणी ठिबकत होतं, चुरचुरत होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं. भरती अर्ध्यावर आली होती.

"पहाटे वहिनी आमच्याबरोबर होत्या," तो म्हणाला. "शिंपले काढायचे म्हणाल्या, म्हणून खडकावर उतरवलं. परतताना घेऊन जातो म्हटलं, तर नको म्हणाल्या. तुम्ही न्यायला याल म्हणाल्या."