बाद मत

मत धरायचं की बाद करायचं, यावर मतमोजणीच्या टेबलाभोवती अर्धा तास खल चालला होता. धरलं तर काउंटी कौन्सिलची शेवटची जागा रुंबीबाईंची, बाद केलं तर कॉल्म डिव्हेनची.

मतपत्रिकेवर रुंबीबाईंच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा स्वच्छ १ लिहिलेला होता. पण खाली आणखी एक ओळ होती : ‘बाई, तुमचे आभार.’

“मतदार ओळखू येईल असं काही लिहिलं की मत बाद,” डिव्हेनचा वकील म्हणाला.

“ओळखणार कोण?” ब्रीडीने त्याला झापलं. ती रुंबीबाईंच्याच शाळेतली शिक्षिका आणि त्यांची प्रचारप्रमुख. “पुरात वाहून चाललेल्या बसमधून बाईंनी चौदा पोरं काढली. शौर्यपदक काय उगाच मिळालं? त्या चौदा घरांतल्या कुणीही लिहिलं असेल.”

रुंबीबाईंचा वकीलही मान डोलवत होता. निवडणूक अधिकारी हॅनरहनबाईंना मुद्दा पटलेला दिसला. “इथं कुणाला हे अक्षर ओळखू येतंय का?” त्यांनी रीतसर विचारलं.

रुंबीबाईंनी ते केव्हाच ओळखलं होतं. पेन्सिल इतकी दाबलेली की कागदामागे वळ उठलेले. बसशी त्याचा काही संबंध नव्हता. अडुसष्ट वर्षांच्या पॅकी टर्नीला ना मूल ना नातवंड. तीन हिवाळे तो लिहा-वाचायला शिकायला त्यांच्या संध्याकाळच्या वर्गाला येत होता. आत्ता तो कठड्यापलीकडे टोपी चुरगाळत उभा होता.

गप्प राहिलं की काम फत्ते. झिम्बाब्वेहून आयर्लंडात येऊन सोळा वर्षं झाली होती, आणि ही जागा त्यांना मनापासून हवी होती.

“मला येतंय,” त्या म्हणाल्या. नाव सांगितलं नाही, कठड्याकडे पाहिलंही नाही.

मतपत्रिकेवर ‘बाद’चा शिक्का पडला. ब्रीडीने कपाळावर हात मारून घेतला. “पुरात उडी मारलीस तेव्हाही अशीच अक्कल गहाण टाकली होतीस.”

बाहेर पॅकी वाट पाहत होता.

“घोळ केला ना मी, बाई?”

“केलात.”

“दरवेळी मत द्यायला बहीण सोबत यायची. यंदा एकटा गेलो. हातात पेन्सिल आली आणि राहवलं नाही बघा.”

रुंबीबाईंचा ऊर भरून आला. पदक मिळालं तेव्हाही इतका अभिमान वाटला नव्हता.

“पॅकी, दोन वकील आणि एक अधिकारी अर्धा तास तुमचं अक्षर वाचत होते,” त्या म्हणाल्या. “एकही जण कुठे अडखळला नाही.”