सक्तीचा दुखवटा

महामहिमांचा लाडका कुत्रा मेला, आणि त्याला वाचवू न शकलेल्या डॉक्टरला, म्हणजे माझ्या बाबांना, गोळी घालण्यात आली. कुत्र्यासाठी संगमरवरी स्मारक उभं राहू लागलं. बाबांसाठी रडायलाही बंदी होती. कुत्र्यासाठीच्या सक्तीच्या दुखवट्याच्या दिवशी, घरोघरी लोक रडताहेत का ते तपासणारा शिपाई दारात आला आणि इतके दिवस दगडासारखी बसलेली आई हंबरडा फोडून रडू लागली.

“कुणासाठी रडताय, काकू?”

“महामहिमांच्या कुत्र्यासाठी,” मीच उत्तर दिलं.

शिपायाने जिन्याकडे पाहिलं आणि हलकेच दार लोटून घेतलं.

“मग त्यांना जरा बेतानं रडायला सांगा, ताई,” तो कुजबुजला. “मागून मोठे साहेब येताहेत. कुत्र्यासाठी इतकं खरं कुणीच रडत नाही.”