एकाच वर्गात

शाळेत असतानाच पुढे पदवीत धरली जाणारी कॉलेजची क्रेडिट्स मिळवायची म्हणून अकरावीतल्या ब्रेनानं गावातल्या कॉलेजात इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग लावला. तिची आई ट्वायला हिनंही तोच लावला. ब्रेनाच्या वेळी दिवस गेले आणि ट्वायलाचं कॉलेज सुटलं होतं. ते आता तिला पुरं करायचं होतं.

“आई, वर्गात तू मला ओळखत नाहीस, कळलं? पोरं हसतील.”

“बरं बाई, मागे बसते. घरी जाताना तरी ओळख दे, गाडी माझी आहे!”

मायलेकींची आडनावं वेगळी, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. ट्वायला मागच्या बाकावरून काहीबाही शंका विचारायची. पोरं खुसखुसायची. त्यांच्याबरोबर ब्रेनाही हसायची.

फेब्रुवारीत कारखान्यातल्या कामावरून परतताना ट्वायलाची गाडी बर्फावरून घसरली आणि ती जागीच गेली. दफनानंतर आठवड्यानं ब्रेना वर्गात येऊन बसली. हजेरी घेता घेता बाई ट्वायलाच्या नावापाशी थांबल्या.

“ट्वायला अपघातात गेल्या, मला आजच कळलं. त्यांचा निबंध माझ्याकडेच राहिलाय. इतका चांगला इथे कुणीच लिहिला नाही. तो घरी पोचवायला हवा. कुणी ओळखायचं का त्यांना?”

ब्रेनानं हात वर केला.

“तुझ्या कोण त्या?”

“आई.”

तिच्याबरोबर हसणाऱ्या पोरांनी एकेक करून माना खाली घातल्या.