सरांचं प्रथिन

तरुणपणी सरांनी एका बुरशीत नवंच प्रथिन शोधून काढलं आणि त्या एकाच शोधावर डॉक्टरेट, नोकरी, विभागप्रमुखाची खुर्ची असं सगळं पदरात पाडून घेतलं. पण गेली दहा वर्षं ते प्रथिन प्रयोगशाळेत कुणालाच, अगदी सरांनाही, काही केल्या सापडेना. सरांनी सगळा राग विद्यार्थ्यांवर काढला.

"तुमच्यासारखे टोप्या आणि हातमोजे घालून नटत नव्हतो आम्ही! उघड्या डोक्याने तासन्‌तास नळीवर ओणवे व्हायचो, म्हणून मिळायचं!"

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीला फ्रीझरच्या तळाशी सरांच्या हातची एक जुनी नळी मिळाली. तिने ती मोठ्या यंत्रावर तपासून आणली. सरांची खोली आवरायला त्या दिवशी त्यांची बायकोही आली होती.

"सर, प्रथिन सापडलं," विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "पण ते बुरशीचं नाही. माणसाच्या केसांचं आहे. केस नळीत पडले असणार."

"कुणाचे केस?" सर कडाडले.

बायकोने भिंतीवरचा जुना फोटो काढून हातात घेतला. त्यात तरुण सर नळीवर ओणवे झाले होते आणि खांद्यावर रुळणारी त्यांची दाट झुलपं पार नळीच्या तोंडाशी लोंबत होती. मग तिने समोरच्या गुळगुळीत टकलाकडे पाहिलं.

 

"अहो, मग पोरांना कशाला बोल लावता? कच्चा माल संपून दहा वर्षं झाली की!"