चौथी बॅटरी

दुपारी वीज जाणार होती. आईचं श्वासाचं यंत्र बॅटरीवर लावायचं होतं आणि कोपऱ्यात चार बॅटऱ्या पडून होत्या. थोरला भाऊ व्होल्ट मोजायचं मीटर घेऊन बसला, पण तोंड बहिणीवरच सुटलं होतं.

"आम्ही तिघे भाऊ म्हणतोय, आईला वृद्धाश्रमात ठेवू. तुझंच काय वेगळं? घरात तूच एक वाकडी!"

"आधी बॅटरी बघ, दादा."

त्यानं पहिल्या बॅटरीला मीटर लावलं आणि फरक दाखवायचं बटण दाबलं. आकडा शून्य झाला. आता बाकीच्या बॅटऱ्या पहिलीपेक्षा किती कमी-जास्त, तेवढंच दिसणार होतं. दुसरी शून्य. तिसरी शून्य. चौथीला मात्र आकडा दोनच्या वर गेला.

"ही बघ, तुझ्यासारखीच! कुणाशी जमत नाही हिचं." चौथीला पायानं बाजूला सारून तो पहिली जोडायला निघाला.

बहिणीनं मीटर हिसकावलं, तेच बटण पुन्हा दाबून फरकाची मोजणी बंद केली आणि चारही बॅटऱ्या त्याच्या डोळ्यांदेखत मोजल्या. साडेबारा व्होल्ट हवेत, तर पहिल्या तिन्ही जेमतेम दहावर. पुरती भरलेली होती ती फक्त चौथी.

तिनं चौथी ओढत आणून यंत्राला जोडली. आईची छाती संथपणे वरखाली होत राहिली.

"तुमचं तिघांचं एकमेकांशी छान जमतं, दादा," ती कडाडली, "पण जीव एकातही नाही."